लिम्फोमाची गाठ आणि तिच्या आतला मांडव

सूक्ष्मकाप, मिरज (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १६ वर्षं टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. ऑपरेशनमधून आलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे, हे माझं काम. निदान डॉक्टर करतात. पण इतकी वर्षं स्लाइडी बघून काही गोष्टी डोळ्यांत बसल्यात. गेल्या वर्षी घरातल्याच माणसाची स्लाइड समोर आली, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

माझी मावशी, वय ६१, कवठेमहांकाळ तालुक्यात राहते. मानेला डाव्या बाजूला गाठ आली. आमच्याकडं अशा गाठीला अवधाण म्हणतात. पायात काटा मोडला की जांघेत उठतं, दाढ किडली की जबड्याखाली, आणि आठ-पंधरा दिवसांत बसतं. हे बसेना. दुखत नव्हतं, ताप नव्हता, म्हणून दोन महिने तसेच गेले. मग एका ठिकाणी बारीक सुई घालून तपासणी झाली. रिपोर्टात होतं, लिम्फॉइड पेशी दिसतात, पूर्ण गाठीची बायोप्सी करावी. ती शेवटची ओळ कुणी वाचलीच नाही. मानेची गाठ म्हणजे टीबी, असं धरून गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने तिनं त्या इमानानं खाल्ल्या. लघवी लाल, तोंडाला चव नाही, आणि गाठ आहे तिथंच. वर काखेत दुसरी आली. मला कळल्यावर मी तिला मिरजेला आणलं आणि अख्खी गाठ काढून घेतली. तिचे काप मीच काढले.

निदान झालं फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे लसिकागाठीतल्या (लिम्फ नोडमधल्या) पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर, ग्रेड १-२. रिपोर्टात खाली एक ओळ होती: सीडी २१ रंगात फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशींची विस्तारलेली जाळी दिसते. मावसभावानं ती ओळ बोटानं दाखवून विचारलं, "दादा, ही जाळी म्हणजेच कॅन्सर का?"

नाही. ती जाळी मावशीची स्वतःची, निरोगी जातीची आहे. कॅन्सर तिच्यावर चढलाय. हे नीट सांगता यावं म्हणून मी बरंच वाचलं, लॅबमधल्या डॉक्टरांना छळलं, आणि आता इथं मांडतोय.

द्राक्षबाग डोळ्यांसमोर आणा. पानं आणि घड सगळ्यांना दिसतात. त्यांच्या आत लोखंडी अँगल, त्यावर ताणलेल्या तारा, तारेला बांधलेली ठिबकची नळी असते. एप्रिलची खरड छाटणी झाली की बाग उघडी पडते आणि तो सांगाडा दिसतो. लसिकागाठीचंही तसंच आहे. नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात निळ्या ठिपक्यांची नुसती गर्दी दिसते, त्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. बी पेशी आणि टी पेशी हे त्यांचेच प्रकार. पण त्याच ब्लॉकच्या दुसऱ्या कापाला चांदीचा रेटिक्युलिन रंग दिला, की गर्दी फिकी पडते आणि काळ्याभोर बारीक धाग्यांचा मांडव उभा राहतो. हा रंग हातानं, सेकंद मोजत द्यावा लागतो. जरा जास्त झालं की सगळी काच काळवंडते. माझ्या कामातला हा मला सगळ्यात आवडणारा भाग.

हे धागे विणतात त्या फायब्रोब्लास्टिक रेटिक्युलर पेशी. वाचायला सोपं जावं म्हणून मी त्यांना आणि त्यांच्या भावकीला आधारपेशी म्हणतो, इंग्रजी पुस्तकात स्ट्रोमा म्हणतात. या पेशी धाग्याला वेढून बसतात, आणि धाग्याच्या गाभ्यातून लसिकेतले लहान रेणू झिरपत आत जातात. म्हणजे तारही तीच आणि ठिबकही तीच! शिवाय त्या सीसीएल १९ आणि सीसीएल २१ ही रसायनं सोडून टी पेशींना गाठीत बोलावतात, आणि आयएल-७ देऊन जगवतात.

बी पेशींच्या वस्तीत, म्हणजे फॉलिकलमध्ये, मांडवाचा प्रकार वेगळा. तिथं फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशी असतात, सीडी २१ रंगात दिसतात त्या. त्या रक्ताच्या वंशातल्या नाहीत, रक्तवाहिनीलगतच्या आधारपेशींतून तयार होतात. जंतूंचे तुकडे त्या महिनोन् महिने अंगावर धरून ठेवतात. बी पेशी येऊन ते तुकडे चाचपतात. ज्या बी पेशीला घट्ट पकडता येतं तिला जगण्याचा इशारा मिळतो, उरलेल्या तिथंच मरतात. आपली प्रतिकारशक्ती अशी घासूनपुसून तयार होते.

फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेक वेळा १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्यामुळं बीसीएल २ हे प्रथिन कायम चालू राहतं आणि मरायची वेळ आलेली बी पेशी मरत नाही. मला हलवून टाकणारी गोष्ट पुढं आहे. ही अदलाबदल झालेल्या मोजक्या पेशी कितीतरी निरोगी प्रौढांच्या रक्तात सापडतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना जन्मात लिम्फोमा होत नाही. उलट बाजूनं, लिम्फोमाच्याच पेशी गाठीतून काढून प्रयोगशाळेच्या बशीत एकट्या ठेवल्या तर थोड्या दिवसांत मरतात. खाली आधारपेशींचा थर दिला तर तग धरतात.

आता ज्यासाठी धागा काढला ते. बारीक सुईनं निघतात त्या सुट्या पेशी. बागेतली चार पानं ओरबाडून आणली तर मांडव कसा होता हे त्यावरून कुणाला सांगता येईल? लिम्फोमाचा प्रकार ठरवायला पेशी कुठं बसल्यात, फॉलिकल आहेत का मोडलेत, जाळी पसरली आहे का तुटली आहे, हे बघावं लागतं. म्हणून गाठ हाताला लागण्यासारखी असेल तर ती अख्खी काढून द्यावी. कळकळीनं सांगतो, सुईच्या रिपोर्टातली शेवटची ओळ वाचा.

---

बागायतदार_तासगाव

दादा, एका दमात वाचलं. आमची ३ एकर बाग आहे, त्यामुळं ठिबकचं उदाहरण काळजाला भिडलं. पण एक शंका. आम्ही मांडव उभा करतो, वेल त्यावर चढतो. वेलामुळं तार जाड झाली असं कधी होत नाही. तुम्ही लिहिलंय की जाळी 'विस्तारलेली' होती. मग वेल मांडवाला वळवतोय का?

---

रक्तशास्त्र_शिकाऊ

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या बाहेर रक्तविकार विभागात शिकतोय. धाग्याबद्दल सूक्ष्मकाप दादांचे आभार. आम्ही रोज रिपोर्ट वाचतो, पण काप काढणाऱ्याच्या डोळ्यांनी गाठ कधी बघितली नव्हती.

बागायतदार काका, तुमची शंका हीच या विषयातली खरी गाठ आहे. हा मांडव जिवंत आहे, आणि वेल त्याला वळवतो. लिम्फोमाच्या बी पेशी टीएनएफ आणि लिम्फोटॉक्सिन सोडतात. हे तेच इशारे, ज्यांनी निरोगी गाठीत आधारपेशी तयार होतात. इशारा मिळाला की आधारपेशी कामाला लागतात. सीएक्ससीएल १२ सोडून बी पेशींना जवळ ओढतात, बाफ नावाचं जगवणारं प्रथिन देतात, सीसीएल २ सोडून रक्तातल्या मोनोसाइटना बोलावतात. मोनोसाइट येऊन मॅक्रोफेज, म्हणजे इतर पेशी आणि जंतू गिळणाऱ्या पेशी, होतात आणि त्याही या वस्तीत सामील होतात. शेजारच्या टी पेशी आयएल-४ देतात, त्यानं आधारपेशी आणखी सीएक्ससीएल १२ सोडतात. एकमेकांना पोसत हे चक्र चालू राहतं.

मॅक्रोफेजची एक गोष्ट मला वाचल्यापासून विसरता येत नाही. निरोगी बी पेशीला जगण्याचा इशारा हवा तर जंतूचा तुकडा पकडावा लागतो. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या पेशींनी यातून पळवाट काढलीय. त्यांच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकात (जंतूचा तुकडा पकडणाऱ्या प्रथिनात) असे बदल होतात की त्याच्या टोकाला मॅनोज जातीची साखर चिकटते. मॅक्रोफेजवरची काही प्रथिनं साखर ओळखून पकडतात, आणि त्या नुसत्या पकडण्यानं बी पेशीला इशारा मिळून जातो. जंतू नाही, संसर्ग नाही, तरी इशारा कायम.

ही गाठ सुजते कशी, यातही आधारपेशींचा हात आहे. जाळीतल्या पेशी एरवी किंचित आवळलेल्या असतात. साध्या संसर्गात डेंड्रिटिक पेशी (वरच्या फॉलिक्युलर नव्हेत, या वेगळ्या, रक्ताच्या वंशातल्या) येऊन त्यांच्या पोडोप्लॅनिन या प्रथिनाला स्पर्श करतात, तशी ती आवळ सैल होते आणि जाळी ताणून जास्त पेशींना जागा देते. अवधाण उठतं ते असं. संसर्ग गेला की जाळी पुन्हा आवळते आणि अवधाण बसतं.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही. २००४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या लुईस स्टॉट यांच्या गटानं फॉलिक्युलर लिम्फोमाच्या १९१ रुग्णांच्या बायोप्सीतली जनुकं मोजली. कोण किती जगेल याचा अंदाज कर्कपेशींच्या जनुकांवरून लागेल, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. लागला तो शेजारच्या, कर्करोग नसलेल्या पेशींच्या जनुकांवरून. टी पेशींचा ठसा ठळक असलेले जास्त जगले. मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशींचा ठसा ठळक असलेले कमी. पुढं रिटुक्सिमॅब हे औषध सर्रास वापरात आलं तेव्हा काही अभ्यासांत मॅक्रोफेजचा हा वाईट ठसा पुसट झाला. कारणही समजण्यासारखं आहे. रिटुक्सिमॅब बी पेशीवर खूण करतं, आणि खूण केलेली पेशी गिळणाऱ्यांत मॅक्रोफेजच पुढं असतात.

---

वाचनमात्र

गेली पाच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. आमच्या गावात (वाळवा तालुका) अजून म्हणतात की गाठीला सुरी लावली की कॅन्सर अंगभर पसरतो. सासूबाईंच्या मानेला गाठ आहे आणि त्या याच भीतीनं ऑपरेशनला तयार नाहीत. त्यांना काय सांगू?

---

सूक्ष्मकाप, मिरज

ताई, बरं झालं विचारलंत. त्यांना असं सांगा. ही गाठ ज्या पेशींची आहे त्या पेशींचा स्वभावच अंगभर हिंडायचा. निरोगी लिम्फोसाइट सुद्धा एका गाठीतून रक्तात, रक्तातून दुसऱ्या गाठीत रोज जातात-येतात. लिम्फोमा असेल तर तो सुरी लागण्याआधीच हिंडत असतो. गाठ काढल्यानं त्यात भर पडत नाही, आणि न काढल्यानं निदान मात्र अडतं. मानेची वरवरची गाठ काढणं हे बहुतेक वेळा छोटं काम असतं, माणूस संध्याकाळी घरी जातो. गाठ पोटात खोल असेल तर जाड सुईनं दोन-चार लांब नळकांड्या काढतात. त्याला कोअर बायोप्सी म्हणतात. त्यात मांडवाचा थोडा तरी तुकडा मिळतो.

अजून एक, नातेवाइकांसाठी. गाठ काढली की ती लॅबपर्यंत नेणारा माणूस बरेचदा घरातलाच असतो. बाटली रुंद तोंडाची हवी, आणि तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मॅलिन हवं. माझ्याकडं इंजेक्शनच्या चिमुकल्या बाटलीत दाबून भरलेल्या गाठी आल्यात. एक तर साध्या सलाइनमध्ये रात्रभर एसटीच्या प्रवासात होती. ब्लॉक केला, काप काढले, पण पेशी विरघळल्यासारख्या झाल्या होत्या आणि कुठलाच रंग धड लागला नाही. त्या माणसाला परत ऑपरेशन करावं लागलं. मला आजही ते बोचतं. टीबीची शंका असेल तर गाठीचा छोटा तुकडा वेगळा, फॉर्मॅलिन न लावता, सलाइनमध्ये लगेच सीबीनॅट तपासणीला पाठवतात. दोन बाटल्या, दोन चिठ्ठ्या. आधीच सर्जनना विचारून ठेवा.

---

हळदपेव, सांगली

धागा फार कामाचा आहे. माझे दोन प्रश्न आहेत.

पहिला: आधारपेशीच जर कॅन्सरला पोसत असतील तर औषधानं तो मांडवच का मोडून टाकत नाहीत?

दुसरा: आमचा तीन पिढ्यांचा हळदीचा व्यवसाय. लोक दुकानात येऊन सांगतात की हळदीतल्या कर्क्युमिननं गाठीभोवतालची सूज जाते आणि गाठ उपाशी मरते. मी हळद विकतो, पण कुणाला खोटं सांगून विकायची नाही. खरं काय?

---

रक्तशास्त्र_शिकाऊ

हळदपेव काका, दुसऱ्या प्रश्नाबद्दल आधी तुम्हाला नमस्कार. विकणाऱ्यानं असं विचारणं ही मोठी गोष्ट आहे.

कर्क्युमिन बशीतल्या पेशींवर टाकलं तर जळजळीचे काही इशारे दाबलेले दिसतात, हे खरं. पण पोटातून ते फार कमी शोषलं जातं, आणि जेवढं जातं तेवढं यकृत भराभर मोडतं. लिम्फोमाच्या गाठीपर्यंत परिणाम होईल इतकं पोचत नाही. म्हणून लोक तीव्र गोळ्या घ्यायला लागले, त्यांत शोषण वाढवायला मिरीचा अर्क घातलेला असतो. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केमो चालू असताना यकृतावर आधीच भार असतो. भाजीतली, दुधातली हळद खुशाल खावी. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्या गुणांवर. औषधाचा दावा करायची तिला गरज नाही.

आता मांडव मोडण्याचं. सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा हेच येतं. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे करून बघितलं गेलं. तिथं गाठीभोवती आधारपेशींचं जाड कवच असतं, ते विरघळवायच्या औषधाची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध मिळालेल्या रुग्णांची तब्येत जास्त बिघडत होती. काही आधारपेशी गाठीला जखडूनही ठेवतात, हे त्यातून कळलं.

लिम्फोमात याचा आणखी स्पष्ट पुरावा आहे. डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा हा आपल्याकडं सर्वांत जास्त दिसणारा प्रकार. २००८ मध्ये त्याच्या रुग्णांत आधारपेशींचे दोन ठसे सापडले. स्ट्रोमल-१ म्हणजे धागे विणणाऱ्या पेशी आणि हिस्टिओसाइट (ऊतीतले मॅक्रोफेज) भरपूर. या रुग्णांचं चांगलं झालं. स्ट्रोमल-२ म्हणजे नव्या रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. यांचं वाईट झालं. दोन्ही आधारऊतीच, पण एकीचा आधार रुग्णाला आणि दुसरीचा रोगाला. २०२१ मध्ये याच लिम्फोमाच्या परिसराचे चार प्रकार मांडले गेले, आणि त्यातला एक तर 'रिकामा', म्हणजे जिथं आधारपेशी आणि रोगप्रतिकारक पेशी दोन्ही जवळजवळ उरलेल्याच नाहीत. त्या रुग्णांची स्थिती सर्वांत अवघड. मांडव नसेल तर वेल मरेल, असं इथं होत नाही. आक्रमक झालेला वेल शेवटी मांडवाशिवाय जमिनीवर पसरायला शिकतो.

म्हणून मोडण्यापेक्षा दोघांमधला संवाद तोडणं, या दिशेनं काम चाललंय. लेनालिडोमाइड हे औषध त्यातलं जुनं उदाहरण. ते कर्कपेशीवर तर काम करतंच, पण शेजारच्या टी पेशींनाही पुन्हा जागं करतं. २०२२ मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या गटानं मानवी लसिकागाठीतल्या आधारपेशी एकेक करून वाचल्या आणि फॉलिक्युलर लिम्फोमात त्या कशा बदलतात याचा नकाशा प्रसिद्ध केला. आत्तापर्यंत ज्याला आपण सरसकट 'जाळी' म्हणत होतो त्यात कितीतरी जातीच्या पेशी निघाल्या. कुठली मित्र, कुठली शत्रू, हे ठरवायला आत्ता कुठं सुरुवात होतेय.

---

कोरेगावची_लेक

मी कोरेगावची (जि. सातारा). २४ व्या वर्षी मला हॉजकिन लिम्फोमा झाला, नोड्युलर स्क्लेरोसिस प्रकार. छातीत, फुप्फुसांच्या मध्ये मोठी गाठ होती. एबीव्हीडी केमोच्या सहा सायकल झाल्या, आणि त्यानंतरच्या सीटी स्कॅनमध्ये ३ सेंटिमीटरची गाठ शिल्लक होती.

त्या दिवशी पुण्याहून परत येताना आई-बाबा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. खंबाटकी घाट उतरेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. माझ्या मनात एकच होतं, एवढं सोसलं, केस गेले, नस जळल्या, आणि गाठ आहेच. पुढं पेट स्कॅनचा रिपोर्ट आला, डोव्हिल स्कोअर २. डॉक्टर म्हणाले, रोग गेलाय, राहिलाय तो व्रण. मी हो म्हटलं, पण खरं सांगते, पटलं नव्हतं. व्रण असा गोळ्यासारखा कसा असेल?

आज हा धागा वाचताना वाटलं की उत्तर याच आधारपेशींत असावं. कुणी सांगेल का?

---

सूक्ष्मकाप, मिरज

ताई, तुमच्या प्रकारच्या स्लाइडी मी पुष्कळ रंगवल्यात, म्हणून मी सांगतो. शिकाऊ डॉक्टरांनी चूक असेल तर दुरुस्त करावं.

१८३२ मध्ये थॉमस हॉजकिन यांनी या आजाराचं वर्णन केलं, त्यालाही पावणेदोनशेवर वर्षं झाली. यातली खरी कर्कपेशी म्हणजे रीड-स्टर्नबर्ग पेशी, मोठी, घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रकं असलेली. गंमत नाही, आश्चर्य वाटेल, पण अख्ख्या गाठीत या पेशी साधारण शंभरात एक असतात. काही वेळा आमचे डॉक्टर अर्धा तास काच सरकवत त्या शोधत असतात. बाकी सगळी गर्दी बोलावून आणलेली: टी पेशी, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी, मॅक्रोफेज, आणि धागे विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट. तुमच्या नोड्युलर स्क्लेरोसिस प्रकारात या फायब्रोब्लास्ट कोलॅजनचे जाड पट्टे घालतात. शेताला बांध घालावेत तशी गाठीची वाटणी झालेली दिसते. मायक्रोटोमची पाती तिथं जाते तेव्हा हाताला कळतं, काप चरचरतो.

केमोनं कर्कपेशी मेल्या, बोलावलेली गर्दी पांगली. पण घातलेले बांध कुठं जातील? कोलॅजन केमोनं वितळत नाही. तीच तुमची ३ सेंटिमीटर. सीटीला फक्त आकार दिसतो, बांध आणि पीक त्याला सारखंच. पेट स्कॅन साखर कोण खातंय ते बघतं, आणि कोलॅजन साखर खात नाही.

---

रक्तशास्त्र_शिकाऊ

दुरुस्तीला जागाच नाही. भर एवढीच: डोव्हिल स्कोअर १ ते ५ असतो. गाठीतली चमक छातीतल्या रक्ताच्या आणि यकृताच्या चमकेशी ताडून तो देतात. २ म्हणजे गाठीची चमक छातीतल्या रक्ताइतकी किंवा त्याहून कमी. ताई, त्या डॉक्टरांनी तुम्हाला बरोबरच सांगितलं होतं.

---

कोरेगावची_लेक

चार वर्षं झाली. आज रात्री आईला हे वाचून दाखवलं. 'बांध राहिले, पीक गेलं' हे तिला लगेच कळलं. तिनं तुम्हा दोघांना आशीर्वाद सांगितलेत.

---

बागायतदार_तासगाव

मंडळी, घाईनं लिहितोय, घरात सगळे घाबरलेत. चुलत्यांना सीएलएल (बी पेशींचा रक्ताचा कॅन्सर) आहे, मानेला आणि काखेत गाठी आहेत. तीन आठवड्यांपूर्वी इब्रुटिनिबच्या गोळ्या सुरू केल्या. आज रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी २८ हजारांवरून ९१ हजार. चुलतभाऊ म्हणतो गोळी उलटली, बंद करूया. डॉक्टरांची वेळ परवाची आहे.

---

रक्तशास्त्र_शिकाऊ

काका, गोळी स्वतःहून बंद करू नका. आजच डॉक्टरांना फोन करून आकडा कळवा. ताप, रक्तस्राव, धाप किंवा छातीत धडधड असेल तर परवापर्यंत थांबू नका. आणि मला एक सांगा, गाठींचं काय झालंय?

---

बागायतदार_तासगाव

ताप वगैरे काही नाही. गाठी म्हणाल तर उतरल्यात. सदऱ्याचं गळ्याचं बटण वर्षभर लागत नव्हतं, ते या आठवड्यात लागलं. म्हणूनच तर कोडं पडलंय, गाठ उतरली आणि रक्त चढलं.

---

रक्तशास्त्र_शिकाऊ

मग बहुतेक तेच झालंय ज्यावर हा धागा चालू आहे. या पेशी गाठीत आधारपेशींना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना घट्ट धरून बसलेल्या असतात. तिथंच त्यांना जगण्याचे इशारे मिळतात. इब्रुटिनिब बीटीके नावाचं विकर (एन्झाइम) अडवतं. मग पेशींची पकड सुटते, सीएक्ससीएल १२ ची हाक त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि त्या गाठीतून निघून रक्तात येतात. गाठ रिकामी होते, रक्तातला आकडा वाढतो. नव्या पेशी तयार झाल्यात असं नाही, लपलेल्या बाहेर पडल्यात. हे औषध अमेरिकेत २०१३ मध्ये मँटल सेल लिम्फोमासाठी आणि २०१४ मध्ये सीएलएलसाठी मंजूर झालं. सुरुवातीच्या चाचण्यांत डॉक्टरही या वाढलेल्या आकड्यानं चक्रावले होते. मग निकषच बदलावे लागले. गाठी उतरत असतील आणि हिमोग्लोबिन, प्लेटलेट टिकून असतील, तर नुसत्या वाढलेल्या आकड्याला रोग वाढला असं आता धरत नाहीत. आधार सुटलेल्या पेशी रक्तात हळूहळू मरतात. आकडा खाली यायला काही आठवडे लागतात, कधी बरेच महिने. पण चुलत्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

---

बागायतदार_तासगाव

डॉक्टरांशी फोनवर बोललो. हिमोग्लोबिन, प्लेटलेट विचारले, दोन्ही ठीक आहेत. गोळी चालू ठेवा, परवा या, म्हणाले. चुलत्यांना मी सांगितलं, "आण्णा, वेल मांडवावरनं सुटलाय, खाली पडलाय, म्हणून अंगणात जास्त दिसतोय." ते म्हणाले, "मग वाळंल." आज दोन घास जास्त जेवले.

---

वाचनमात्र

सासूबाई तयार झाल्या. पुढच्या सोमवारी गाठ काढायचीय. रुंद तोंडाची बाटली मी आत्ताच आणून ठेवलीय.

आणि सूक्ष्मकाप दादा, मावशींचं काय? तुम्ही लिहिलंच नाहीत.

---

सूक्ष्मकाप, मिरज

ताई, सोमवारसाठी शुभेच्छा. बाटलीवर नाव, वय, तारीख आणि गाठ कुठल्या बाजूची, हे झाकणावर न लिहिता बाटलीच्या अंगावर लिहा. झाकणं बदलतात.

मावशी बरी आहे. तिला अजून औषध सुरू केलेलं नाही. गाठी लहान आहेत, त्रास नाही, रक्त चांगलं आहे, म्हणून दर तीन महिन्यांनी बोलावतात, तपासतात, घरी पाठवतात. मावसभावाला हे महिनोन् महिने झेपलं नाही. कॅन्सर आहे आणि औषध नाही, असं कसं, म्हणून दोन वेळा भांडून आला. त्याला मी एकदा रविवारी लॅबच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन मायक्रोस्कोपसमोर बसवलं. आधी निरोगी टॉन्सिलची सीडी २१ स्लाइड दाखवली. प्रत्येक वेळी हा रंग लावताना कंट्रोल म्हणून आम्ही टॉन्सिल लावतो. त्यात गोल, आटोपशीर जाळ्या दिसतात. मग त्याच्या आईची लावली. त्यात जाळ्या मोठ्या, एकमेकींना टेकलेल्या, पण शाबूत. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "अजून मोडलेलं नाही होय." मी म्हटलं, नाही.

मागच्या भेटीत मानेची राहिलेली गाठ दीडची सव्वा सेंटिमीटर झाली होती, काखेतली आहे तेवढीच. फॉलिक्युलरमध्ये असं औषधाविना कमी-जास्त होतं, डॉक्टर म्हणाले. पुढची तारीख ज्येष्ठातली आहे.

टॉन्सिलच्या त्या कंट्रोल स्लाइडचा आणि रेटिक्युलिन रंगाचा फोटो उद्या डॉक्टरांना विचारून इथं टाकतो. काळा मांडव कसा दिसतो ते सगळ्यांना बघता येईल.